गोव्याचे नौदल विमान संग्रहालय: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दाबोळी विमानतळापासून काही मिनिटांवर, बोगमाळोच्या रस्त्याला लागून, भारतीय नौदलाची जुनी विमाने उघड्यावर उभी आहेत. त्या शेजारून रोज पर्यटकांनी भरलेल्या टॅक्सी जातात, पण थांबणारे थोडे. जे थांबतात त्यांतलेही बरेच जण अर्ध्या तासात दोन-चार फोटो काढून समुद्रावर निघून जातात, कारण काय बघायचे हे कुणी सांगितलेले नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

हे संग्रहालय ऑक्टोबर 1998 मध्ये सुरू झाले. इथली सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर ही विमाने विमानवाहू नौकांवरची. त्यातली जुनी ‘विक्रांत’ 2014 साली मुंबईत दारूखान्याला तोडायला घेतली, ‘विराट’ 2020 मध्ये अलंगला गेली. दोन्ही नौका आता नाहीत. त्या डेकवर काय चालायचे हे समजून घ्यायचे असेल तर या विमानांच्या अंगाखांद्यावरच्या खुणा वाचाव्या लागतात. त्या कशा वाचायच्या हे एकदा कळले की इथे दोन-अडीच तास कमी पडतात.

कधी आणि कसे जायचे

सोमवारी संग्रहालय बंद असते. ज्यांची गोव्याची सहल शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकून ठरते, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. बाकी दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या पोहोचणे सगळ्यात चांगले. विमाने मोकळ्या आवारात आहेत, सावली फारशी नाही, आणि दुपारच्या उन्हात पत्र्यावरून येणारी तिरीप डोळ्यांना सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गेलात तर आतली दालने आधी बघा आणि सर थांबली की बाहेर पडा.

कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी मडगावला उतरून वास्कोची बस धरावी. वास्कोहून बोगमाळोकडे स्थानिक बस, रिक्षा किंवा गोव्यातल्या दुचाकी टॅक्सीवाल्याची, म्हणजे ‘पायलट’ची, सोय होते. गाडीने सावंतवाडी-पणजी मार्गे येत असाल तर झुआरीचा पूल ओलांडून कुठ्ठाळीला उजवीकडे वास्कोच्या रस्त्याला लागा. मोपाला उतरणाऱ्यांना हे ठिकाण राज्याच्या दुसऱ्या टोकाला पडते. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा, किंवा दक्षिण गोव्यात मुक्काम असेल त्या दिवशी जा.

सोबत टोपी, पाण्याची बाटली आणि चालायला बरे पडतील असे बूट एवढे पुरे. दुर्बीण असेल तर जरूर घ्या. शेपटावरचे आकडे, पंखाच्या टोकाची भोके, इंजिनावरची झाकणे या गोष्टी दुर्बिणीतून फार छान दिसतात. तिकीट किरकोळ आहे, कॅमेऱ्याचे वेगळे घेतात, सुटे पैसे जवळ असू द्या.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. शेजारी आयएनएस हंसा हा नौदलाचा चालू तळ आहे. संग्रहालयाच्या आवारातल्या विमानांचे फोटो काढा, पण कॅमेरा कुंपणापलीकडे, धावपट्टीकडे वळवू नका. ड्रोन तर बॅगेतून बाहेर काढायचाच नाही. तळावरची लढाऊ विमाने कधीकधी डोक्यावरून जातात. आवाज छातीत घुमतो. लहान मूल कडेवर असेल तर त्याचे कान झाका.

जाण्याआधी एवढे समजून घ्या

विक्रांतची लांबी सुमारे 213 मीटर होती. एवढ्या जागेत जेट विमान उडवायचे आणि उतरवायचेही. उडवण्यासाठी डेकवर वाफेच्या दाबाने चालणारी कॅटापल्ट असे. ती विमानाला काही क्षणांत उडण्याइतका वेग देई. उतरताना विमानाच्या शेपटाखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत अडकायचा. तार चुकली तर पुन्हा हवेत झेपावता यावे म्हणून वैमानिक डेकला चाके टेकताच इंजिन पूर्ण जोरात देतो. थांबण्यासाठी उतरतोय, आणि हात मात्र वेग वाढवतोय. हे एकदा मनात बसले की सी हॉकच्या शेपटाखालचा तो लोखंडी आकडा बघताना अंगावर काटा येतो.

दुसरी अडचण जागेची. नौकेच्या पोटातल्या हँगरमध्ये जास्तीत जास्त विमाने मावावीत म्हणून त्यांचे पंख मधोमध दुमडतात. म्हणून सी हॉक आणि अलिझेच्या पंखांत सांधा असतो. पंख दुमडलेले असोत वा पसरलेले, तो सांधा शोधायचाच.

बघायचा क्रम

विमाने जशी ओळीने उभी आहेत तशी बघू नका. सेवेत ज्या क्रमाने आली त्या क्रमाने बघा. थोडी पायपीट होईल, पण पंचवीस-तीस वर्षांत नौदल कुठून कुठे गेले ते पायाखालून जाईल.

सुरुवात शॉर्ट सीलँडपासून करा. नौदलाने घेतलेले हे पहिले विमान. 1953 मध्ये ते कोचीला आले आणि त्याच वर्षी 11 मे रोजी तिथे आयएनएस गरुड हा नौदलाचा पहिला विमानतळ सुरू झाला. सीलँड पाण्यावरही उतरते आणि जमिनीवरही. पोट नावेसारखे, पंखांखाली तरंगते फ्लोट, आणि तरीही चाके आहेत. अशी एकूण 25 विमाने बनली, त्यातली 10 भारतीय नौदलाची. बेलफास्टच्या कारखान्यातल्या एवढ्या दुर्मीळ विमानासमोर लोक फार थांबत नाहीत, कारण ते लढाऊ दिसत नाही. तुम्ही थांबा.

मग एचटी-2. हे शिकाऊ वैमानिकांचे छोटे विमान बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये बनले, 1951 मध्ये पहिल्यांदा उडाले. त्याची रचना करणारे डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचे संशोधन केले होते. स्वातंत्र्यानंतर चार वर्षांत आपल्या माणसाने आखलेले विमान आपल्या आकाशात उडत होते. मुलांना घेऊन गेलात तर इथे त्यांना घाटग्यांचे नाव आवर्जून सांगा.

फायरफ्लाय दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश विमान, पण आपल्याकडे त्याचे काम वेगळे होते. लांब तारेच्या टोकाला कापडी निशाण बांधून ते ओढत न्यायचे आणि नौकांवरच्या तोफखान्याने त्या निशाणावर नेम धरायचा सराव करायचा. व्हँपायर दोन शेपटदांड्यांमुळे लांबूनही ओळखू येते. त्याच्या कॉकपिटचा भाग प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा आहे. लाकडी अंगाचे जेट. डव्ह हे अधिकाऱ्यांची ने-आण करणारे विमान, ते जाता जाता बघितले तरी चालेल.

सी हॉक: इथे वेळ द्या

1961 मध्ये विक्रांत नौदलात आली तेव्हा तिचे लढाऊ विमान हे होते. त्याच वर्षी लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी सी हॉक विक्रांतवर उतरवले. तिच्या डेकवर जेट उतरवणारे ते पहिले भारतीय वैमानिक. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

समोरून बघा. नाकात हवा घ्यायचे तोंड नाही. ते दोन्ही पंखांच्या मुळाशी आहे. आता चालत मागे या आणि शेपटाच्या टोकाशी धुराडे शोधा. तिथेही सापडणार नाही. इंजिन मधोमध बसवलेले आहे आणि त्याचा झोत दोन फाटे फुटून पंखांच्या मागच्या कडेला, दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. असे केल्याने शेपटाकडचा सगळा भाग इंधनासाठी मोकळा राहिला आणि विमान जास्त दूर जाऊ लागले. समुद्रावर उडणाऱ्याला इंधनाइतके मोलाचे काही नसते.

नाकाच्या खालच्या बाजूला चार भोके दिसतील. त्या 20 मिलिमीटरच्या तोफांच्या नळ्या. मग खाली वाका आणि हूक बघा. तो किती बारीक आहे ते बघा, आणि अख्ख्या विमानाचा धक्का त्याने झेलायचा होता हे आठवा.

डिसेंबर 1971 मध्ये विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे तिला पूर्ण वेग गाठता येत नव्हता. नौका जोरात पळाली की डेकवर समोरून वारा मिळतो आणि उड्डाण सोपे होते. तो वारा कमी पडत असताना सी हॉकनी 4 डिसेंबरला कॉक्स बझारवर पहिला हल्ला चढवला, मग चितगाववर. 300 स्क्वाड्रनची ही विमाने. पांढरा वाघ हे त्यांचे चिन्ह. पुढे सी हॅरियरनेही तेच मिरवले.

अलिझे

सी हॉकचा फ्रेंच सोबती. पाणबुड्या शोधायचे काम याचे. आत तिघे बसत. पोटाखाली रडारचा घुमट आहे, तो गरजेप्रमाणे खाली उतरवता येई. पंखांवर पुढे आलेले दोन फुगीर कोश दिसतील. त्यांच्या मागच्या भागात चाके आत जायची आणि पुढच्या भागात सोनोबॉय, म्हणजे पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज ऐकायची यंत्रे असायची. एकाच कोशाला दोन कामे लावणारी ही रचना मला फार आवडते.

9 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. दुसऱ्या दिवशी अरबी समुद्रावर एक अलिझे पाकिस्तानी एफ-104 ने पाडले. तिघेही परतले नाहीत. या विमानापुढे थोडा वेळ न बोलता उभे राहिलात तर बरे.

सी हॅरियर

गर्दी इथेच असते, आणि ते योग्यच आहे. 1983 च्या डिसेंबरमध्ये पहिली सी हॅरियर गोव्यात आली. 2016 च्या मे महिन्यात इथेच, हंसावर, त्यांना निरोप दिला गेला. आपल्याकडची ही सरळ खाली उतरणारी एकमेव लढाऊ विमाने.

बाजूला उभे राहा आणि अंगावरची झोताची तोंडे बघा. प्रत्येक बाजूला दोन, एकूण चार. ही तोंडे फिरतात. मागे वळवली की विमान पुढे जाते, खाली वळवली की हवेत तोलले जाते. पुढची जोडी आणि मागची जोडी नीट ताडून बघा. पुढच्या जोडीतून इंजिनाच्या पंख्याची तुलनेने थंड हवा येते, मागच्या जोडीतून तापलेला झोत. म्हणून मागच्या तोंडांपाशी विमानाच्या अंगावर पोलादी पत्रा चढवलेला असतो. तिथला रंग आणि पोत बाकीच्या अंगापेक्षा वेगळा दिसतो. हात न लावता, फूटभर अंतरावरून बघितले तरी फरक कळतो.

आता प्रश्न असा की हवेत जागच्या जागी उभे असताना विमान कलंडत कसे नाही? उत्तर पंखांच्या टोकांना, नाकापाशी आणि शेपटाशी असलेल्या बारीक भोकांत आहे. त्यांतून इंजिनाची दाबलेली हवा फवारून वैमानिक तोल सांभाळतो. दुर्बीण इथे कामी येते.

चाकेही बघा. मुख्य चाके पोटाखाली एका रेषेत, आणि पंखांच्या टोकांशी आधाराला दोन बारीक चाके. नाकाच्या सुळक्यावर सांधा दिसेल. नौकेच्या लिफ्टवर मावण्यासाठी नाक बाजूला दुमडता येते. पंख दुमडायचे नाहीत म्हणून नाक दुमडले.

विराटच्या डेकचे पुढचे टोक वर उचललेले होते. त्या चढावरून धावत जाऊन सी हॅरियर हवेत फेकले जाई, आणि परतल्यावर सरळ खाली उतरे. त्याला ना कॅटापल्ट लागे ना तार, म्हणून शेपटाखाली हूक नाही. सी हॉक आणि सी हॅरियर एकामागून एक बघितले की हा बदल डोळ्यांसमोर उभा राहतो, कुठलीही पाटी न वाचता.

हेलिकॉप्टरे, थोडक्यात

कामोव्ह-25 ला शेपटाचा पंखा नाही. वर एकावर एक दोन पंखे उलट दिशांनी फिरतात. त्यामुळे शेपूट आखूड आणि लहान डेकवरही ते मावते. सी किंगचे पोट नावेसारखे आहे. पोटातून केबलला बांधलेले सोनार, म्हणजे आवाजाच्या मदतीने पाण्याखालचे शोधणारे यंत्र, पाण्यात सोडून ते पाणबुडीचा माग काढायचे. चेतक तुम्ही बातम्यांत पुराच्या वेळी पाहिलेच असेल.

सुपर कॉन्स्टेलेशन

आवारातले सगळ्यात मोठे विमान शेवटी ठेवा. हे मुळात एअर इंडियाचे प्रवासी विमान, नाव ‘रानी ऑफ एलोरा’. आपल्या वेरूळचे नाव घेऊन ते परदेशी जात होते. 1960 मध्ये बोइंग 707 आल्यावर ही विमाने हवाई दलाकडे गेली. लोहगावच्या 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली. पुण्यातल्या जुन्या लोकांना ती चार इंजिनांची घरघर आठवत असेल. 1976 मध्ये टेहळणीचे काम नौदलाकडे आले तेव्हा हे विमानही गोव्याला आले आणि 1983 पर्यंत उडत राहिले.

शेपटाला तीन उभे पंख आहेत. एकच उंच पंख दिला असता तर त्या काळच्या हँगरच्या दारातून विमान आत गेले नसते. नाकाखालचा चाकाचा पाय एवढा लांब का, तर प्रोपेलर मोठे, ते जमिनीला लागू नयेत म्हणून. अंग मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळते होत गेलेले. त्यानंतरची बहुतेक प्रवासी विमाने सरळ नळकांड्याची झाली, कारण ती बनवायला सोपी आणि स्वस्त पडतात. चार इंजिने, प्रत्येकात 18 सिलिंडर. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर छोटी टर्बाइन फिरवून ती ताकद पुन्हा इंजिनालाच द्यायची युक्ती त्यात केली होती. पिस्टन इंजिनांनी गाठलेली ही जवळजवळ शेवटची पायरी.

डागडुजी कशी ओळखायची

जुने विमान तीन अवस्थांत भेटते. काही नुसते जपून ठेवलेले असते, काही दुरुस्त करून, रंगवून उभे केलेले असते, आणि फार थोडी पुन्हा उडण्याजोगी केलेली असतात. इथली दुसऱ्या प्रकारातली. उडणारे उदाहरण हवे असेल तर हवाई दलाचे ‘परशुराम’ हे डाकोटा. ब्रिटनमध्ये त्याची दुरुस्ती झाली आणि 2018 मध्ये ते स्वतः उडत भारतात आले.

इंजिनांच्या तोंडांवर झाकणे असतात, कारण पक्षी आत घरटी करतात. रंगाचे थर इतके जाड बसलेले असतात की काही ठिकाणी रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, डोकी बुजून जातात. पत्र्यावर कुठे रंग फुगलेला दिसला तर जवळून बघा. अ‍ॅल्युमिनिअमला तांबूस गंज चढत नाही, ते पांढरी भुकटी धरते. पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा जिथे एकमेकांना भिडतात तिथे खारी हवा शिरली की पत्रा आधी जातो. समुद्र हाकेच्या अंतरावर, वर चार महिने कोसळणारा पाऊस. अशा जागी उघड्यावर विमान उभे ठेवायचे म्हणजे रंगकाम कधी संपतच नाही. म्हणून एखाद्या विमानाचा रंग उडालेला दिसला तर लगेच नावे ठेवू नका, आणि चकचकीत दिसले तर ते काम करणाऱ्या नौसैनिकांची आठवण ठेवा. माझे स्पष्ट मत असे की सीलँड आणि सुपर कॉन्स्टेलेशन या दोघांवर तरी छप्पर हवे. त्यांच्यासारखी आता दुसरी मिळणार नाहीत.

तुम्हीही हातभार लावू शकता. पत्र्यावर टकटक करू नका, प्रोपेलरला लोंबकळू नका, मुलांना पंखावर बसवून फोटो काढू नका. घामट हाताचा ठसासुद्धा मिठाचाच असतो.

मुलांसोबत

पाट्या वाचून दाखवत बसलात तर मुले दहा मिनिटांत कंटाळतील. त्यांना शोधायला लावा. कोणकोणत्या विमानांना हूक आहे? पंख कुठे दुमडतो? शेपटाला पंखा नसलेले हेलिकॉप्टर कुठले? लाकडी जेट कुठले? उत्तर मिळाले की कारण त्यांनाच विचारा. मूल तर्क लढवू लागले की मग पाटीकडे वळा.

आतल्या दालनांत इंजिने, बॉम्ब, टॉर्पेडो, नौकांच्या प्रतिकृती आणि जुने फोटो आहेत. विक्रांतच्या प्रतिकृतीजवळ गेलात की बाहेर बघितलेली सी हॉक आणि अलिझे तिच्या डेकवर कुठे उभी राहत असतील ते मुलांना बोटाने दाखवायला सांगा. ड्यूटीवरच्या नौसैनिकाला नम्रपणे एखादा नेमका प्रश्न विचारा, “सर, हा सांधा कशासाठी?” असा. नेमके विचारणाऱ्याला लोक मनापासून सांगतात.

पुढे काय बघावे

विक्रांतबद्दल ओढ लागली असेल तर मुंबईत लायन गेटसमोर तिच्याच पोलादातून घडवलेले स्मारक आहे, 2016 मध्ये उभारलेले. शिवाय त्याच वर्षी आलेल्या बजाजच्या ‘व्ही’ मोटारसायकलीतही तिचे पोलाद वापरले होते, तेव्हा ती तुमच्या गल्लीतही उभी असू शकते. दिल्लीला गेलात तर पालमचे हवाई दलाचे संग्रहालय चुकवू नका. तिथे लिबरेटर बॉम्बर आहे. महायुद्धानंतर कानपूरला मोडून टाकलेल्या लिबरेटर विमानांना हिंदुस्थान एअरक्राफ्टने पुन्हा उडते केले होते.

आणि विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर टीयू-142 हे टेहळणीचे विमान उभे आहे. नौदलाच्या 312 स्क्वाड्रनमध्ये सुपर कॉन्स्टेलेशननंतर हेच विमान आले. तिथे नुसते बाहेरून बघून परतावे लागत नाही. पायऱ्या चढून आत शिरता येते, आणि टेहळणीवरचे लोक तासन् तास कुठे बसत असत ते बघता येते.